मदत हवी आहे: खरी पोर, चितारलेलं रेडकू आणि हातातलं दावं

मंडळी, आम्ही कोल्हापुरात घरच्याघरी लहान मुलांसाठी दहा मिनिटांची फिल्म करतोय. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर बापाबरोबर येणारी एक पोर भिंतीवर कोळशानं रेडकू काढते. ते भिंतीतून उतरून तिच्या मागं लागतं. दिवाळी पाडव्याला सगळ्यांच्या म्हशी सजून निघतात, तेव्हा हिलाही आपलं रेडकू मिरवायचं असतं. पोर, रस्ता, म्हशी सगळं खरं. रेडकू तेवढं हातानं काढलेलं. चित्रं बहीण क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये काढते, शूटिंग आणि जोडणी माझ्याकडं.

अडलंय ते दाव्यापाशी. रंकाळ्याच्या काठानं पोर रेडकाला ओढत नेते असा शॉट आहे. तिच्या हातात खरं दावं दिलं आणि दुसरं टोक फ्रेमबाहेरून भाच्यानं ओढून धरलं. त्यामुळं ओढ अस्सल आली आहे, मनगट ताणलंय, अंग पुढं झुकलंय. कॅमेरा ट्रायपॉडवर होता, रिकाम्या काठाचा शॉटही घेतलाय, म्हणून रेडकाच्या गळ्यापलीकडचा दोर पुसता येतो. पण रेडकू धावत तिच्याजवळ येतं तिथं दावं सैल पडायला हवं, आणि आमचं ताठच आहे. बहीण म्हणते, मुठीपासून पुढं सगळं चितारू. मला ते पटत नाही. खरी माणसं आणि कार्टून एकत्र असलेल्या १९८८च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' या सिनेमात कार्टूनच्या हातातल्या कितीतरी वस्तू खऱ्या होत्या, तारांनी आणि यंत्रांनी हलवलेल्या. पात्रं नंतर त्यांच्यावर काढली. वस्तूला वजन येतं ते त्यानंच. मग खरं दावं ठेवून फक्त सैल पडण्याचा तुकडा पुन्हा शूट करावा का? जुन्या-नव्या तुकड्याच्या जोडाशी उजेड जुळेल का, हीच धास्ती आहे.

दुसरं सावलीचं. उन्हं कललेली, पोरीची सावली लांबलचक. रेडकाचं चित्रच काळं करून तिरकं पाडलं, जमिनीवर चालून जातं. कठड्याशी मात्र सावली मोडून वर चढायला हवी, ती सरळच जाते आणि रेडकू तरंगल्यासारखं वाटतं. सावली वेगळी काढावी लागेल का?

तिसरं, हातात कॅमेरा धरून घेतलेला शॉट. फ्रेम सेकंदाला २४, चित्रं १२. कॅमेरा हलला की खूर घसरतात. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याची हालचाल ट्रॅक करून (म्हणजे टिपून) चित्राची जागा दर फ्रेमला बदलली आणि चित्र दोन फ्रेमला एकदाच, तर भागेल का? रॉजर रॅबिटसाठी अॅनिमेशन दिग्दर्शक रिचर्ड विल्यम्सच्या चमूनं दर फ्रेमला नवं चित्र काढलं होतं. आमच्याकडं काढणारी एकटी बहीण आहे.

नजरेचं मात्र झकास जमलंय. काठीला लाल लोकरीचा गोंडा बांधून तो रेडकाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला, पोर त्याच्याशीच बोलली. कुणी असलं काही करत असेल तर जरूर करून बघा.

तयार थ्रीडी मॉडेल कृपया सुचवू नका. भिंतीवरच्या कोळशाची थरथरती रेघच रेडकाच्या अंगावर हवी, नाहीतर ते त्या पोरीचं राहत नाही.

मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी नाटकाचे पडदे रंगवता रंगवता स्वतःचा कॅमेरा बनवला तो याच गावात, तेव्हा असली कामं हातानं केलेलं कुणी ना कुणी इथं असणार. ओळखीत असेल तर कळवा, लॅपटॉप घेऊन आम्ही येऊ. आधी दाव्याचं सांगा. पोरीची शाळा सुरू व्हायच्या आत तो शॉट उरकायचाय.