पोलिश चौकोन उलटा लागला, तर एवढं काय बिघडलं?

पंखवाला
गेल्या रविवारी कोल्हापुरात आम्ही हौशी मॉडेलवाल्यांनी आपापली विमानं मांडली होती. त्यात एका कॉलेजच्या पोराचं १:७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) स्पिटफायर मार्क ५ होतं, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. ब्रिटिश हवाई दलातली पोलिश वैमानिकांची ३०३ स्क्वॉड्रन, १९४२, वैमानिक यान झुम्बाखचं आरएफ-डी अक्षरांचं विमान, बाजूला डोनाल्ड डकचं चित्र. काम देखणं. पण नाकावरचा लाल-पांढरा, चार घरांचा पोलिश चौकोन, म्हणजे पोलिश हवाई दलाची खूण, आजच्या काळातला. आज वरचं डावं घर पांढरं असतं, पण ते १९९३ पासून. युद्धाच्या वेळी तिथं लाल होतं. मी हे बोलून दाखवलं, तर दोघं-तिघं माझ्यावरच उखडले.

माझं मत सरळ आहे. छटा थोडी इकडेतिकडे झाली तर चालेल, खूण चुकलेली चालणार नाही. खुणेवरून काळ कळतो. मे १९४२ पासून विमानावरच्या ब्रिटिश गोल खुणेतली पांढरी आणि पिवळी कडी अरुंद झाली, शेपटीवरचा पांढरा पट्टा चिंचोळा झाला. त्यामुळं फोटोमागं काही लिहिलेलं नसलं तरी तो कधीचा याचा अंदाज बांधता येतो. १९४२ च्या विमानावर १९९३ चा चौकोन बसवला की ते विमान कुठल्याच वर्षाचं राहत नाही.

उद्यमनगरचा_गडी
उखडणाऱ्यांत मी होतो. दादा, तो चौकोन जेमतेम तीन मिलिमीटरचा. येणारी माणसं "हे बदक कुणाचं?" एवढंच विचारत होती. भिंग लावून बघणारे तुम्ही एकटेच. पोरगं बिचारं दिवसभर टेबलाच्या मागं उभं होतं, नंतर कुणाशी धड बोललं नाही. असंच चालू दे, पुढच्या वर्षी तिथं आपण चार म्हातारे आणि आपली भिंगं.

मीरा_ब
माझं दोघांशीही जमत नाही. "छटा चालेल" हे कुणी ठरवलं? तीन फुटांवरून चौकोन दिसत नाही, रंग दिसतो. त्या मॉडेलच्या गोलातला लाल झेंड्यासारखा भडक होता. युद्धकाळातला लाल विटकरी, मळका. निळाही गडद. तिथंच विमान खेळण्यातलं वाटायला लागतं. आधी ते सुधारा, मग घरं मोजत बसा.

उद्यमनगरचा_गडी
ताई, मी गाड्या रंगवतो. एकाच नंबरचा रंग, दोन वेगळ्या लॉटचे डबे, तर दरवाजा एक दिसतो आणि बॉनेट दुसरं. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी लढाऊ विमानांवरचा तपकिरी काढून करडा आणला, तेव्हा त्या करड्याचे, म्हणजे ओशन ग्रेचे, तयार डबे सगळीकडं पोचलेच नव्हते. सात भाग मीडियम सी ग्रे हा फिकट करडा, एक भाग काळा, असं जागेवर कालवून मारायचा हुकूम होता. ते मिश्रण प्रत्येक ठिकाणी सारखं झालं असेल? मग बरोबर छटा कुठली म्हणायची?

पंखवाला
गडीसाहेब, तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय. त्यात फोटो कृष्णधवल. लाल प्रकाश न टिपणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल काळा येतो, पिवळा गडद होतो. गोलाचं पिवळं कडं काही फोटोंत दिसतच नाही म्हणा ना. फोटोवरून छटेचं भांडण सुटत नाही. कुठलं घर कुठं, हे मात्र त्याच फोटोत स्वच्छ दिसतं. जे पुराव्यानं सांगता येतं, ते तरी चुकवू नये.

मीरा_ब
फोटोच कशाला हवेत? हवाई खात्याचे रंगनमुने ठरलेले होते, त्यांच्याशी जुळवलेले रंगपट्टे आज मिळतात. उन्हानं फिकं पडलं असं म्हणून करडा थोडा उजळ करा, माझी हरकत नाही. पण गोलातला लाल भडक कसा होईल?

वळिवडेकर
एक गोष्ट सुटतेय. १९४३ पासून पाचेक हजार पोलिश निर्वासित आमच्या वळिवड्यात राहिले, आज जिथं गांधीनगर आहे तिथं. बायका आणि पोरंच जास्त. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, तिकडून माणसं अजून येतात. त्यांच्यापुढं हे विमान ठेवायचं तर चौकोन त्या वेळचाच हवा. इतर गावांत चालून जाईल, कोल्हापुरात नको.

उद्यमनगरचा_गडी
आणि त्या पाहुण्यांना त्यांचा आजचा चौकोन दिसला तर ते रुसतील? उलट लगेच ओळखतील.

डिकॅलवेडा
एवढं भांडताय, पण उपाय फुकटचा आहे. आजचा चौकोन पाव फेरा फिरवून लावला की जुना होतो. किनारीसकट. नवीन डिकॅल, म्हणजे खुणेचं चिकटचित्र, घ्यायची गरजच नाही.

बाकी त्या मॉडेलची खरी अडचण वेगळीच होती, ती कुणालाच दिसली नाही. डिकॅल थेट मॅट (बिनचकाकीच्या) रंगावर लावल्यामुळं तिच्या पातळ पापुद्र्याखाली हवा अडकून चंदेरी डाग आले होते. आधी चकचकीत ग्लॉस, मग डिकॅल, शेवटी मॅट. आणि जुलैत आपल्याकडं लॅकर फवारू नका. हवेतल्या ओलीनं पांढुरकी साय धरते, करडा-हिरवा सगळा एकच दिसतो. पाऊस उघडेपर्यंत थांबा, नाहीतर बंद खोलीत अ‍ॅक्रिलिक मारा.

पंखवाला
पाव फेऱ्याचं काम असेल तर सबब कसली राहिली? चिकटपट्टीनं जुना चौकोन उचलायचा, दुसरा फिरवून बसवायचा.

उद्यमनगरचा_गडी
वरून मॅट वार्निश बसलंय, दादा. चिकटपट्टी चौकोनाबरोबर खालचा करडाही उचलून आणंल. पोराला विचारून बघा आधी. त्यानं हो म्हटलं तर घेऊन या माझ्याकडं, टचअप मी मारून देतो. पण ओशन ग्रे कुठला, ते तुम्ही आणि मीराताईंनी ठरवून या.

मीरा_ब
सात भागाला एक. कालवून आणते.