कल्याणगडाच्या गुहेतला पार्श्वनाथ: आईला नेऊ का?

तासगावचा बेदाणा
जय जिनेंद्र, राम राम. आईला कुणीतरी सांगितलंय की साताऱ्याकडं एका किल्ल्यात पाण्यातून चालत गेलं की पार्श्वनाथ भगवानांचं दर्शन होतं. तेव्हापासून रोज जेवताना हाच विषय. चौकशी केली तर तो कोरेगाव तालुक्यातला नांदगिरीचा कल्याणगड निघाला. आई 66 वर्षांची. 2018 ला श्रवणबेळगोळला सहाशेवर पायऱ्या चढून गेली होती, कुंभोजजवळचा बाहुबलीचा डोंगर तर नेहमीचाच. पण आता उजवा गुडघा कुरकुरतो. डोली मिळते का? पाणी किती असतं? चप्पल कुठं काढायची असलं बारीकसारीकही सांगा, कारण ते सगळं मला विचारलं जाणार आहे.

गडकरी नसलेला
सज्जनगडाला जा की. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते.

तासगावचा बेदाणा
अहो, सज्जनगडावर पार्श्वनाथ कुठं आहेत?

मुक्काम सातारारोड
डोली विसरा. आम्ही गेलो तेव्हा वर शेंगदाण्याची पुडीसुद्धा मिळत नव्हती. पाणी, डबा सगळं खालून न्या.

मी गेल्या जानेवारीत आत्याला घेऊन गेलो होतो. ती सत्तरीची, माळकरी. तिला दत्त बघायचा होता, त्याच गुहेत पार्श्वनाथाच्या शेजारी दत्ताचीही मूर्ती आहे. पंढरीला चालत जाणारी बाई, म्हणून मी निर्धास्त होतो. तिथंच चुकलो. वारीत पाय सपाटीला चालतात, इथं तुमच्या बाहुबलीसारख्या बांधीव पायऱ्या नाहीत. मुरमाड वाट, त्यावर गोट्यांसारखे खडे, सावली जवळपास नाहीच. तरणी पोरं तासा-सव्वातासात पहिल्या दरवाजाला टेकतात. आम्हाला दोन तास लागले, त्यात पाऊण तास आत्या दगडावर बसून मला माझ्या लग्नाबद्दल बोलत होती. उन्हाआधी निघा. सातला नांदगिरी सोडलंच पाहिजे.

गुहा दोन दरवाजांच्या मधे आहे, म्हणजे माथ्यावर गेलं नाही तरी दर्शन होतं. पहिल्या दरवाजातून आत गेलं की डाव्या हाताला खाली उतरायचं. तोंडाशी कमरेत वाकावं लागतं, आईंना आधीच सांगून ठेवा, माझं टाळकं अजून दुखतंय. आत लोखंडी कठडा आहे. आम्हाला पाणी गुडघ्याला टेकलं, पण गार असं की पहिल्या पावलाला आत्या थेट “आई गं” म्हणाली, विठ्ठल नंतर आठवला. मधे कुठंतरी माझा मोबाईल खिशातून सटकला. उजेड त्याचाच होता. डुबुक्, आणि सगळा काळोख. दोघं कठडा धरून उभे. छतातून थेंब पडत होते तेवढाच आवाज. मागून दोन कॉलेजची पोरं बॅटरी घेऊन आली म्हणून बरं. त्यांनी उजेड वर केला तशी पार्श्वनाथाच्या मूर्तीमागच्या नागफण्याची सावली कातळावर हलली. आत्यानं दत्ताच्या आधी तिलाच हात जोडले.

तेव्हा बॅटऱ्या दोन न्या आणि एक गळ्यात अडकवा. चप्पल वर पायऱ्यांवर ठेवा. आत उदबत्ती लावू नका, धूर जायला जागा नाही.

चंदनवंदन
पाण्याचं म्हणाल तर पावसाळ्यानंतर लगेच जाऊ नका, तेव्हा जास्त असतं. फेब्रुवारी-मार्च बरा.

आईंना एक सांगा, त्या 23 व्या तीर्थंकरांच्या, म्हणजे पार्श्वनाथांच्या, दर्शनाला जाताहेत ती जागाही जुनी आहे. हा गड कोल्हापूरच्या शिलाहार दुसऱ्या भोजानं बांधला असं मानतात. म्हणजे बाराव्या शतकाची अखेर. साताऱ्याच्या आसपासचे बरेच किल्ले त्याच्याच नावावर घालतात, त्यामुळं भोजराजानं दुसरं काय केलं का नाही असाच प्रश्न पडतो. पुढं 1818 ला तो इंग्रजांकडं गेला. माथा साडेतीन हजार फुटांवर. गुडघ्यानं परवानगी दिली तर दुसऱ्या दरवाजातून वर जाच. मारुतीचं देऊळ, तळी, वाड्यांची जोती आहेत. समोर जरंडेश्वरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला चंदन-वंदनचे जोडकिल्ले. नुसत्या पडक्या भिंती म्हणून लोक परत फिरतात, ते बघून माझा जीव तुटतो.

मुक्काम सातारारोड
यांना विचारू नका, हे पडक्या जोत्याशीसुद्धा तासभर बोलत बसतात. आणि चढ सोडा, उतारच गुडघा खातो. हातात काठी पाहिजेच.

तासगावचा बेदाणा
कालच जाऊन आलो, म्हणून लिहितोय. विटा, पुसेसावळी, रहिमतपूर असं पहाटे निघालो. आई वाटेत अकरा वेळा बसली, मी मोजलं. गुहेच्या तोंडाशी तिनं मला थांबवलं, कमरेचा चामड्याचा पट्टा काढायला लावला, मग एका हातानं पँट आणि दुसऱ्या हातानं तिला धरून मी पाण्यात. पाणी गुडघ्याच्या जरा खालीच होतं. मूर्तीपुढं ती णमोकार मंत्र म्हणत उभी राहिली ते वीसेक मिनिटं. मागं चार-पाच माणसं वाकून खोळंबलेली, कुणी काही बोललं नाही. माझ्या पायांचं लाकूड झालं होतं, तिला गार लागलं का विचारलं तर म्हणते, कुठलं पाणी?

माथ्यावर गेलो नाही, चंदनवंदन यांनी माफ करावं. उतरताना निम्मी वाट ती बसून घसरत आली, लुगड्याची मागची बाजू कामातून गेली. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून रहिमतपूरच्या पुढं एका बांधावर डबा सोडला. भाकरी मोडता मोडता विचारलंन, त्या दत्ताच्या बाईंचा मोबाईल मिळाला का रे?