केवळ उन्हाने भागणार नाही
सिस्टिक फायब्रोसिस (शरीरातील स्राव घट्ट करणारा आनुवंशिक आजार) असलेल्या प्रौढ रुग्णाने रोज उन्हात बसल्यास जीवनसत्त्वांच्या पूरक गोळ्यांची गरज नाही, हे मत मला पटत नाही. या आजारात स्वादुपिंडाचा पाचक रस घट्ट होऊन नलिकांतच अडकतो, त्यामुळे स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत आणि त्यांत विरघळणारी अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे शौचावाटे निघून जातात. ऊन यांपैकी फक्त ‘ड’ देते. (शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके चालू असताना कडक ऊन टाळावेच लागते.) गोळी तूप-तेल असलेल्या जेवणासोबत, पचनासाठीच्या एन्झाइमच्या कॅप्सूलबरोबरच घ्यावी. रक्तातील ‘ड’ची पातळी मिलिलिटरमागे किमान 30 नॅनोग्रॅम असावी. ‘के’कडे मात्र फारच दुर्लक्ष होते. मॉड्युलेटर औषधे (या आजारामागच्या सदोष प्रथिनाचे काम सुधारणारी) सुरू झाल्यावर ‘अ’ची पातळी वाढू शकते, तेव्हा जुनाच डोस चालू न ठेवता रक्ततपासणी करून डॉक्टरांकडून तो पुन्हा ठरवून घ्यावा.