‘सर, नक्की अर्थ काय लिहायचा?’ : अर्थ वाचक घडवतो हे वर्गात कसं दाखवावं?

कानामात्रा
अकरावीचा मराठीचा वर्ग, साठ-पासष्ट मुलं, चाळीस मिनिटांची तासिका. अर्थ पुस्तकात तयार ठेवलेला नसतो, वाचणारा तो शब्दांच्या आधाराने घडवत जातो, हे व्याख्यान न झोडता दाखवायचंय. अडचणी दोन. कविता वाचून झाली की पेनं सरसावतात: अर्थ सांगा, लिहून घेतो. आणि ‘अर्थ तुम्हीच लावा’ म्हटलं की थेट दुसरं टोक: ‘मला असं वाटलं’, आणि पुढे बोलणंच खुंटतं. दोन तासिका हाताशी आहेत. सुरुवात कुठून करावी? आणि गुण कसे द्यावेत?

शाईदौत
पहिली तासिका कवितेला लावूच नका, एका वाक्याला द्या. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात ‘गतोऽस्तमर्कः’ असं उदाहरण आहे: सूर्य मावळला. वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, एकच. पण ऐकणारा गुराखी असेल तर ‘गुरं घराकडे वळव’, दुकानदार असेल तर ‘माल आवर’, राजा असेल तर ‘चाल करून जायची वेळ झाली’.

आठ गट, आठ चिठ्ठ्या. चिठ्ठीवर फक्त कोण कोणाला म्हणतंय एवढंच: आई मैदानावरच्या मुलाला, मुकादम मजुरांना, रोजा असलेला भाऊ बहिणीला, गडावरचा वाटाड्या मागे रेंगाळणाऱ्याला, असं. हे वाक्य कानावर पडल्यावर ऐकणारा काय करेल ते एका ओळीत लिहायचं. एक चिठ्ठी मुद्दाम कोरी ठेवा. तो गट एकतर अडून बसतो, नाहीतर स्वतःच कुणीतरी माणूस कल्पून घेतो. तिथे थांबा आणि विचारा, ‘हा माणूस कुठून आणलात?’ पहिल्या तासिकेतला कळीचा प्रश्न हाच.

तुमच्या दुसऱ्या टोकावरचा उताराही तिथेच सापडतो. मम्मटाने अर्थ मोकाट सोडलेला नाही. बोलणारा, ऐकणारा, आवाजाचा चढउतार, प्रसंग, जागा, वेळ यांच्यामुळे सूचित अर्थ हाती लागतो, असं तो सांगतो. वाटाड्याच्या चिठ्ठीवर कुणी ‘दुकान बंद कर’ लिहिलं तर ते का चालत नाही, हे मुलं न शिकवता सांगतात.

पायरव
दुसऱ्या तासिकेला बालकवींची ‘औदुंबर’. आठच ओळी, आणि शीर्षक झाकता येतं. ते झाकायचंच, कारण झाड थेट शेवटच्या शब्दाला येतं.

कविता फळ्यावर लिहून कागदाने झाका, वरून एकेक ओळ उघडा. सगळ्या ओळींवर थांबू नका, रटाळ होतं. तीन थांबे पुरे. पहिला दुसऱ्या ओळीनंतर: काय दिसतंय? दुसरा सहावीनंतर, पांढरी पायवाट ‘काळ्या डोहाकडे’ जाते तिथे: आता पुढे काय येईल? तिसरा शेवटच्या ओळीच्या मध्येच: ‘पाय टाकुनी जळांत बसला’. कोण बसलाय? दर थांब्याला दोन मिनिटं लेखन. पेननेच, आणि आधीचं खोडायचं नाही. पेन्सिल दिली की मुलं जुना अंदाज पुसून ‘बरोबर’ उत्तर लिहितात आणि ज्यासाठी हा खटाटोप, तो पुरावाच जातो.

तिसऱ्या थांब्याला बहुतेक वह्यांत माणूस बसतो: मुलगा, गुराखी, साधू. कारण ‘बसला’ हे क्रियापद. मग उरलेले दोन शब्द उघडा: ‘असला औदुंबर’. बसलेला माणूस क्षणात झाड होतो, पण माणसाचं बसणं त्या झाडाला चिकटूनच राहतं. तुम्हाला दाखवायचंय ते हेच. यावर भाष्य करू नका, ‘तुमच्या मनात आत्ता काय बदललं?’ एवढंच लिहायला सांगा.

एक गोष्ट आधी तपासा. शहरातल्या मुलांनी पाण्याकाठचा उंबर पाहिलेला नसतो, त्यामुळे ‘पाय’ म्हणजे मुळं हे चित्र उभंच राहत नाही. एक फोटो ठेवा, पण शेवटचा शब्द उघडल्यावरच दाखवा.

तिरपी_रेघ
पायरव यांना दुजोरा. त्यात एक भर. कविता पूर्ण उघडल्यावर वर्गाचे तीन भाग करा. एका भागाला चिठ्ठी: ‘कवी १९१८ साली रेल्वे अपघातात गेले, तेव्हा तिशीही गाठली नव्हती.’ दुसऱ्याला: ‘औदुंबर हे दत्ताचं झाड.’ तिसऱ्याला काहीच नाही. पाच मिनिटांत अर्थ लिहून घ्या आणि मोठ्याने वाचायला लावा. पहिल्या भागात मृत्यू, दुसऱ्यात ध्यानस्थ विरक्त, तिसऱ्यात बरंचसं निसर्गचित्र, असाच कल दिसेल. मग चिठ्ठ्या उघड करा. हे विसरलात तर ती निव्वळ फसवणूक.

त्यानंतर पहिल्या भागाला विचारा: कविता अपघाताच्या आधी लिहिलेली, मग अपघात तिच्यात आला कुठून? मृत्यूचा अर्थ टिकवायचा तर तो ‘काळ्या डोहाकडे’, ‘झाकळुनी’, ‘काळिमा’ या शब्दांवर टिकवावा लागेल. आणि ‘गोड काळिमा’तल्या ‘गोड’चं काय करायचं, तेही सांगावं लागेल.

सगळ्यात जास्त बिघडतं ते शिक्षकाच्या मानेमुळे. एका उत्तराला मान डोलावली की उरलेला वर्ग त्याच दिशेने जातो. उत्तरं ऐकताना फळ्याकडे तोंड करून लिहीत राहा.

गुण पाचांपैकी: अर्थ स्पष्ट मांडला १, कवितेतले शब्द दाखवले २, आपल्या अर्थाला अडवणाऱ्या शब्दाची दखल घेतली १, स्वतःकडचं काय मिसळलं ते ओळखलं १. ‘झरा आटलाय’ असं कुणी लिहिलं तर शब्दांचे दोन्ही गुण जातात, कारण तिथे ‘वाहतो’ आहे. ‘मला वाटलं’ला वेगळा गुण नाही.

कानामात्रा
चिठ्ठ्यांची कल्पना फार आवडली. दोन शंका. काही मुलांना ही कविता आधीच माहीत असेल, त्यांचं काय? आणि शेवटच्या ओळीतल्या ‘असला’चा अर्थ विचारला तर?

पायरव
माहीत असलेल्यांना निरीक्षक करा. कोणत्या थांब्यावर किती वह्यांत माणूस आला, ते मोजायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

‘असला’ तुम्ही सोडवून देऊ नका. आजच्या बोलण्यात ‘असला’ला बहुधा नापसंतीची छटा असते, म्हणून मुलं तो ‘असला कसला’सारखा वाचतात. आधी शब्दकोश काढायला लावा. मग दोघांना ओळ मोठ्याने वाचू द्या: एकाने ‘बसला’नंतर थांबायचं, दुसऱ्याने ‘असला’नंतर. कुठल्या वाचनात झाड जास्त निवांत वाटलं, यावर हात वर करायला सांगा आणि दोन्ही बाजूंच्या एकेकाला कारण विचारा.