चायनीज खाल्लं अन् ओठाला मुंग्या आल्या. असंच असतं का?

वाळूजचा_वायरमन:
आपलं चायनीज म्हणजे गाडीवरचं. लालभडक मंचुरियन, शेजवान राइस, वरून कांद्याची पात. पण इथं संभाजीनगरात एका हॉटेलानं 'सिचुआन स्पेशल' असं वेगळं मेनूकार्ड काढलंय. परवा हिला घेऊन गेलो. मापो टोफू मागवला, शाकाहारीच आहे ना, हे दोनदा विचारून. लाल तवंग, त्यात पांढरे लुसलुशीत तुकडे. दोन घास खाल्ले अन् ओठ थरथरायला लागले. नुसतं तिखट असतं तर बोललो नसतो, ठेच्यावर वाढलेली माणसं आपण. हे म्हणजे दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर होतं तसं. ही म्हणाली, "काहीतरी नासलंय, उठा." मॅनेजरला बोलावून चार शब्द सुनावले. तो बिचारा म्हणतो, साहेब, हे असंच असतंय. खरं का? खरं असंल तर माफी मागावी लागंल.

चेंगदू_रिटर्न:
मागा भाऊ माफी. मशीनच्या ट्रेनिंगला कंपनीनं मला तीन महिने चेंगदूला पाठवलं होतं. सिचुआन प्रांताची राजधानी, मापो टोफू तिथलाच. मुंग्या आणणारी ती सिचुआन मिरी. नावालाच मिरी, खरं तर लिंबाच्या कुळातलं झाड. वाळलेलं टरफल वापरतात, आतली काळी बी टाकून देतात. त्या चवीला तिकडं 'मा-ला' म्हणतात. मा म्हणजे बधिर, ला म्हणजे तिखट. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी लोकांच्या ओठाला ही मिरी लावून थरथर मोजली, ती ५० हर्ट्झच्या आसपास भरली, म्हणजे सेकंदाला पन्नासेक वेळा, आपल्या घरातल्या विजेसारखीच. वायरमनला आणखी काय सांगू! आपल्या शेजवान चटणीत ही मिरी सहसा नसतेच, नुसती मिरची-लसूण. दोनदा विचारलंत ते मात्र बरं केलं. तिकडं मापो टोफूत बीफचा नाहीतर डुकराचा खिमा असतो. पुढच्या वेळी रश्श्यात स्टॉक, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, कशाचं टाकलंय तेही विचारा. अन् व्हिनेगरमधल्या बटाट्याच्या काड्या असतील तर सोडू नका.

मालवणची_सून (मु. पो. परभणी):
अहो, हे तर आमच्या तिरफळाचं भावंड! माहेरी बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ हवंच. बी काढून टाकायची, कडू लागते. लग्नानंतर पहिल्यांदा इथं केलं तेव्हा सासूबाईंनी जीभ बाहेर काढून आरशात बघितली होती. वायरमनदादा, तुमच्या मंडळींचं काही चुकलं नाही.

लातूरचा_आडत्या:
टोफू म्हणजे सोयाबीनचंच ना हो? आपण पोत्यानं सोयाबीन आडतीवर घालायचं अन् घरी जाताना पनीर न्यायचं. त्या हॉटेलवाल्याला विचारा, माल कुठून घेतो. भाव चांगला लावू.

वाळूजचा_वायरमन:
काल परत जाऊन आलो. माफी मागितली. मॅनेजर हसला, म्हणला, रोज एकजण तरी बोलावतोच. या वेळी हिनं टोफू अर्धा संपवला, तोंडावर पदर धरून का होईना. रस्सा उरला तो डब्यात आणला, सकाळी ज्वारीच्या भाकरीसोबत खाल्ला. जमतंय. बटाटाही मागवला होता. आंबट, मधे सुक्या मिरच्या, अन् काड्या दाताखाली करकर वाजतात. ही म्हणाली, कच्चा राहिलाय. मी गप बसलो. आता मॅनेजरला बोलवायच्या आधी इथं विचारायलो, कच्चाच असतोय का?

चेंगदू_रिटर्न:
काड्या धुऊन स्टार्च काढतात अन् मोठ्या आचेवर जरा वेळच परततात. करकरीतच पाहिजे. खा निवांत.