सोलो नाही म्हणजे गिटारिस्ट नाही? पोस्ट-पंक आणि हार्डकोरवाल्यांच्या बाजूने

सहातारा:
काल इथे एकाने लिहिलं की १९७७ ते ८६ मध्ये गिटार मेली होती, पंकवाल्यांना तीन कॉर्डच्या पुढे काही येत नव्हतं, त्या काळात खरी गिटार फक्त वेगवान सोलोवाल्या व्हॅन हेलनकडे होती. वर लोकांनी धडाधड लाइक दिलेत. डोकं फिरलं म्हणून लिहितोय, लांबेल. नवीन लोकांसाठी: पोस्ट-पंक म्हणजे पंकनंतरचे प्रयोग करणारे बँड, हार्डकोर म्हणजे पंकचंच आणखी वेगवान, कडक रूप, आणि सोलो म्हणजे गाण्यात गिटारने एकटीने पुढे येऊन वाजवलेला तुकडा.

जॉन मॅकगिओक ऐकलायत का नीट? आधी मॅगझीन, मग सूक्सी अँड द बॅनशीज, मग पीआयएल (पब्लिक इमेज लिमिटेड). बॅनशीजचा १९८१ चा 'जूजू' अल्बम लावा. 'स्पेलबाउंड'मध्ये तो सुट्या स्वरांची पळती नक्षी विणत राहतो, कोरसला अकूस्टिकचा रट्टा येतो, सोलो कुठेच नाही आणि तो हवासाही वाटत नाही, कारण अख्खं गाणंच गिटारवर उभं आहे. द स्मिथ्सचा गिटारिस्ट जॉनी मारसारखा माणूस त्याला मानतो. हाच मॅकगिओक नव्वदीत संगीत सोडून नर्सिंगकडे वळला आणि २००४ मध्ये ४८ व्या वर्षी गेला. आपल्या ग्रुपमध्ये किती जणांना त्याचं नाव माहितीये?

दुसरा अँडी गिल. गँग ऑफ फोर, लीड्स, 'एंटरटेनमेंट!', १९७९. सगळे व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पच्या उबदार आवाजामागे लागलेले असताना याने मुद्दाम ट्रान्झिस्टर ॲम्प धरला, त्याला तो कोरडा कातरल्यासारखा आवाजच पाहिजे होता. दोन फटके, मग गप्प, बेस आणि ड्रम्स पुढे, मग पुन्हा फटका. ते गप्प बसणं लयीत जमवून दाखवा आणि मग बोला. रेड हॉट चिली पेपर्सचा १९८४ चा पहिला अल्बम याच माणसाने प्रोड्यूस केलाय.

व्हॉल्व्हप्रेमी:
ती पोस्ट माझी आहे आणि मी शब्द मागे घेणार नाही. जागा सोडणं, लय पकडणं हे ड्रमरचंही काम आहे, गिटारिस्टचा हात बोलला पाहिजे. मी गिटार शिकवतो. पोरं येतात, पॉवर कॉर्ड (दोन स्वरांची सोपी कॉर्ड) शिकतात, लगेच बँड काढतात, स्केल म्हटलं की तोंड वाकडं करतात आणि वर मलाच ऐकवतात की पंकमध्ये एवढं लागत नाही. ही सवय कोणी लावली? मॅकगिओक चांगला होता, मान्य. पण एका माणसावर अख्खा जमाना तरत नाही.

पिटमधला:
एक माणूस? तुम्ही दोघंही इंग्लंडच्या बाहेर पडा जरा. बॅड ब्रेन्सचा डॉ. नो! वॉशिंग्टनची ही चौघं पंकच्या आधी जॅझ फ्यूजन वाजवायची, १९८२ ची त्यांची कॅसेट ऐका, त्या भयानक वेगात एकेक कॉर्ड स्वच्छ ऐकू येते आणि सोलोही आहेत, तुम्हाला हवे तसले. मायनर थ्रेटचा लाइल प्रेसलर त्याच वेगात सहाही तारांचे पूर्ण बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरतो. एक गाणं धरून बघा, मनगट आखडेल. आणि मिनटमेनचा डी. बून! टेलिकास्टर गिटार, सगळा ट्रेबल (वरचा धारदार आवाज), खालचे स्वर मुद्दाम काढून टाकलेले, का तर बेसवाल्या माइक वॉटला बरोबरीची जागा मिळावी. 'डबल निकल्स ऑन द डाइम'वर ४० च्या वर गाणी आहेत, फंक, जॅझ, फोक सगळं. डिसेंबर १९८५ मध्ये व्हॅनच्या अपघातात गेला, वय २७. त्याचं नाव निघालं की मला अजून त्रास होतो.

बेसवाली:
इतकं सगळं लिहिलंत, एकाही बाईचं नाव नाही. स्लिट्सची व्हिव अल्बर्टीन, 'कट', १९७९. तिने रेगे आणि त्यातून निघालेल्या डब या जमैकन संगीतातून ती तुटक गिटार काढली. आमच्या कॉलेजच्या स्पर्धेत आमची गिटारवाली असंच वाजवत होती, तर परीक्षक स्टेजवरच म्हणाले, "लीड कुठाय?" म्हणजे सोलो कुठाय. बक्षीस गेलं ते परदेशी सोलो जसाच्या तसा उतरवणाऱ्या मुलाला. तिने नंतर गिटार विकली. म्हणून ही व्हॅन हेलनची मोजपट्टी दिसली की मला संताप येतो.

जुनी कॅसेट:
आणि किलिंग जोक बँडचा जॉर्डी वॉकर कुठाय? सोनेरी पोकळ गिब्सन गिटार, तारा एक स्वर खाली उतरवलेल्या, एकट्याने भिंत उभी करायचा. निर्वाणा बँडने त्याचाच रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची चाल, उचलला. किलिंग जोकचं १९८४ चं 'एटीज' आणि नंतर निर्वाणाचं 'कम ॲज यू आर' एकापाठोपाठ ऐका.

पिटमधला:
झालं सुरू. मग डॅम्डचं १९८२ चं 'लाइफ गोज ऑन' ऐका. तोच रिफ, दोन वर्षं आधी. चोर कोण मग?

जुनी कॅसेट:
रिफ म्हणजे फक्त स्वर नाहीत, तो आवाजही आहे. निर्वाणाच्या कोबेनने वर कोरस पेडल (आवाज लहरता करणारं) लावलं तरी मूळ चाल लपत नाही.

व्हॉल्व्हप्रेमी:
चार स्वरांवर मालकी सांगताय? असले रिफ माझे विद्यार्थी पहिल्याच महिन्यात बसवतात.

जुनी कॅसेट:
बसवतात, सुचत नाही त्यांना! आणि २००३ च्या किलिंग जोकच्या अल्बमवर ड्रम्स डेव्ह ग्रोलने वाजवलेत. निर्वाणाचा ड्रमर स्वतः जाऊन वाजवतो, याच्यावर काय म्हणणं आहे?

पिटमधला:
तो फॅन होता एवढंच सिद्ध होतं. चोरीचा पुरावा नाही हा.

सहातारा:
थांबा. जॉर्डीचं नाव निघालं की दरवेळी हेच होतं. २०२३ मध्ये माणूस गेला तेव्हाही लोक या एका रिफवरच भांडत बसले. त्याचं 'वॉरडान्स' ऐका, 'लव्ह लाइक ब्लड' ऐका. मेटॅलिकाने किलिंग जोकचं 'द वेट' उगाच वाजवलं नाही. दुसऱ्याच्या गाण्यामुळेच आठवावा इतका छोटा नव्हता तो.

व्हॉल्व्हप्रेमी:
'वॉरडान्स' ऐकलं आत्ता. आवाज मोठा आहे, हे लिहून देतो. डेड केनेडीजचा ईस्ट बे रेही मला पहिल्यापासून आवडतो, 'हॉलिडे इन कंबोडिया'तली ती सर्फ संगीताच्या ढंगाची, एको (प्रतिध्वनी) असलेली गिटार त्याने विचार करून वाजवलीय. पण ब्लॅक फ्लॅगचा ग्रेग गिन मला नका सांगू. बेसूर आहे तो.

पिटमधला:
मुद्दाम बेसूर आहे! 'डॅमेज्ड' अल्बममधले त्याचे सोलो स्केलच्या बाहेर जातात, कारण गाणी डोकं फुटण्याबद्दलची आहेत. तिथे गोड सोलो घातला तर गाणं खोटं पडेल. 'माय वॉर' अल्बमची दुसरी बाजू ऐका, १९८४, सगळे वेगाच्या मागे असताना त्याने तिथे वेगच सोडून दिला.

व्हॉल्व्हप्रेमी:
विद्यार्थ्याने असं वाजवलं तर मी थांबवेन.

बेसवाली:
आमच्या गिटारवालीलाही असंच थांबवलं होतं.