केमो नको, काढा द्या म्हणतात. आईला कसं समजावू?

सातारकर_लेक:
आई ५८ वर्षांची. स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज, ऑपरेशन झालंय. सोमवारी पहिली केमो. मामा म्हणतात, "ते केमिकल म्हणजे विष, आपल्या वैद्यांचा गुळवेलीचा काढा दे." आईचा भावावर फार जीव. तिने काढा सुरूही केलाय. मामांना दुखवायचं नाहीये, पण मला आईची फार काळजी वाटतेय.

प्राजक्ता_७:
ताई, काढ्याचं आजच डॉक्टरांच्या कानावर घाल. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हेही खरं. पण केमोची कितीतरी औषधं यकृतातूनच बाहेर पडतात. रिपोर्ट बिघडला तर डोस लांबतो, आणि बिघाड कशामुळे झाला तेही कळत नाही.

मुक्काम_परळ:
मामांना सांगा, पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध यू झाडाच्या सालीत सापडलं. व्हिनक्रिस्टिन तर आपल्या सदाफुलीतून मिळतं. झाडपाल्याला कुणाचाच विरोध नाही, पण मात्रा मोजलेली हवी. वडिलांच्या वेळी मी काकांनाच ओपीडीत नेलं होतं. त्यांनी मनातलं सगळं डॉक्टरांना विचारलं, मग घरातले वाद निवळले.

सातारकर_लेक:
फोन केला. काढा बंद करून उद्याच लिव्हरची तपासणी करायला सांगितलीय. मामा सोमवारी सोबत येतायत. केमोनंतर मळमळलं तर खायला काय द्यायचात तुम्ही?